नागपूरहून पचमढी आणि सातपुडा राष्ट्रीय उद्यान: गुडघेदुखी असलेले सासरे व दोन मुले सोबत असताना बेत कसा आखावा?

मानेवाडा_रहिवासी (प्रश्न)

नमस्कार. आम्ही नागपुरात मानेवाडा भागात राहतो आणि येत्या हिवाळ्यात पचमढी व सातपुडा राष्ट्रीय उद्यान पाहून यावे असा विचार करीत आहोत. आम्ही एकूण सहा जण आहोत: सासरे (वय 74), सासूबाई (वय 69), आम्ही दोघे आणि बारा व सात वर्षांची दोन मुले. सासऱ्यांनी तरुणपणी गावच्या मंडळींबरोबर तिथल्या जंगलातली नागद्वारची यात्रा पायी केलेली आहे आणि चौरागडाच्या शिखरावर नवसाचा त्रिशूळही वाहिलेला आहे. आता पुन्हा एकदा मोठ्या महादेवाचे दर्शन घडावे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. परंतु त्यांचे दोन्ही गुडघे झिजलेले असल्याने पंधरा-वीस पायऱ्यांपलीकडे चढ-उतार त्यांना झेपत नाही. सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास आहे आणि घाटात त्यांना मळमळते. मुलांचे सगळे लक्ष जंगलाकडे आहे, त्यातही वाघाकडे.

माझ्या शंका अशा आहेत. स्वतःच्या मोटारीने जावे की रेल्वेने? उद्यानासाठी मढईला जावे लागते असे ऐकले आहे, तर पचमढी आणि मढई ही दोन्ही ठिकाणे एकाच प्रवासात बसतात का, आणि बसत असतील तर आधी कोणते करावे? यजमानांना डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुटी सहज मिळते, जानेवारीत थोडी खटपट करावी लागेल. त्या खटपटीइतका फरक पडतो का? आमच्या हाती चार मुक्काम आहेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सासऱ्यांना पायऱ्या न चढता नेमके काय पाहता येईल, हे ज्यांनी वृद्ध माणसांना सोबत नेले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

सावनेर_रोड (उत्तर)

नमस्कार ताई. रस्त्याबद्दल मी सांगतो, कारण हा रस्ता माझ्या नेहमीच्या जाण्या-येण्याचा आहे.

सहा माणसे आणि त्यांत दोन वृद्ध असताना स्वतःची किंवा भाड्याची मोठी मोटार हाच सोयीचा पर्याय आहे. रेल्वेने जायचे तर बहुधा इटारसीला गाडी बदलून पिपरियाला उतरावे लागते आणि तिथून पुन्हा सुमारे पन्नास किलोमीटर टॅक्सीने घाट चढावा लागतो. म्हणजे सामान दोनदा उतरवायचे, फलाटांचे जिने चढायचे, आणि घाट काही टळत नाहीच. मोटारीने नागपूर, सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली आणि पचमढी असा सरळ मार्ग आहे. एकूण अंतर सुमारे 250 किलोमीटर आहे आणि वाटेतल्या थांब्यांसह सहा ते सात तास धरावेत. नकाशावरचे ॲप यापेक्षा कमी वेळ दाखवते. त्यावर विसंबून दुपारी निघू नये. परासिया सोडले की रस्ता डोंगरात शिरतो, तामियाच्या पुढे वळणे वाढतात आणि मटकुलीनंतरचा पचमढीचा घाट अंधारात चालवण्याजोगा नाही. धुके उतरले तर मुळीच नाही. नागपूरहून सकाळी सहाला निघालात तर दुपारचे जेवण तामियाच्या आसपास होते आणि उजेड असतानाच वर पोहोचता येते.

सासूबाईंसाठी एक सूचना. मळमळीचा त्रास मटकुलीनंतरच होईल असे समजू नये, कारण सौंसर आणि छिंदवाड्याच्या मध्ये सिल्लेवानीचा घाट आहे आणि पहिली परीक्षा तिथेच होते. त्यांना पुढच्या आसनावर बसवावे, डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्याआधी अर्धा तास द्यावी आणि पोट अगदी रिकामे ठेवू नये. उंचीची काळजी करण्याचे कारण नाही. पचमढी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,067 मीटरवर आहे आणि सर्वांत उंच असलेला धूपगड सुमारे 1,350 मीटर. एवढ्या उंचीवर विरळ हवेचा त्रास होत नाही. रक्तदाबाला जपायचे ते थंडीपासून आणि दगदगीपासून.

गाडी भाड्याची असेल तर मध्य प्रदेशात शिरण्यासाठी लागणारा परवाना आणि कर यांची रक्कम ठरलेल्या भाड्यात धरली आहे की नाही, हे आधीच स्पष्ट करून घ्या. सीमेवर पोहोचल्यावर त्यावरून वाद होतो आणि सकाळचा चांगला तास वाया जातो.

आता तारखांबद्दल. डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळाच, असा माझा आग्रह आहे. त्या दिवसांत पचमढीच्या छोट्या बाजारात वाहने अडकून पडतात, खोल्यांचे दर दुपटीवर जातात आणि महादेवाच्या रस्त्यावर गाडी उभी करायला जागा मिळत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गाडी दूर उभी करून चालवत न्यावे लागले, तर सगळा बेतच फसतो. जानेवारीचा दुसरा किंवा तिसरा आठवडा, सोमवार ते शुक्रवार, यासाठी जी काही खटपट करावी लागेल ती सार्थकी लागेल. 26 जानेवारीला जोडून येणारी सुटी मात्र नको.

अरण्यवाचक (उत्तर)

मुलांच्या वाघाचा विषय आधी घेतो, कारण अपेक्षा चुकीची असली की चांगले जंगलही वाया जाते.

सातपुडा राष्ट्रीय उद्यानात वाघ आहेत, परंतु ते दिसण्याची शक्यता ताडोबा किंवा पेंचइतकी नाही. नागपूरच्या माणसाला वाघच पाहायचा असेल तर ताडोबा, पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला ही तिन्ही जंगले सातपुड्याहून जवळ आहेत. सातपुड्याला जावे ते डोंगरातले जंगल पाहण्यासाठी. इथे गवा आहे, अस्वल आहे, बिबट्या आहे, रानकुत्री आहेत, आणि शेकरू तर इतक्या सहज दिसते की मुलांना आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी इथे नीट न्याहाळता येईल. कान्ह्याहून आणलेले बारशिंगेही आता या जंगलात स्थिरावत आहेत. मढईला जाण्यापूर्वी मुलांना या प्राण्यांची चित्रे दाखवून ठेवा आणि वाघाचे नाव शक्यतो काढू नका. जी मुले वाघाची वाट पाहत बसतात, त्यांना समोरच्या फांदीवरचा धनेश दिसत नाही.

आता रचना समजून घ्या, कारण इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. राष्ट्रीय उद्यान 1981 मध्ये झाले. बोरी अभयारण्य आणि पचमढी अभयारण्य त्याला लागून आहेत आणि हे सारे मिळून सातपुडा व्याघ्र प्रकल्प होतो. बोरीचे जंगल ब्रिटिशांनी 1865 मध्येच राखीव केले होते, म्हणजे शास्त्रीय पद्धतीने राखलेल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या जंगलांपैकी ते आहे. या सगळ्या परिसराला 1999 मध्ये जीवावरण क्षेत्राचा (बायोस्फिअर रिझर्व्ह) दर्जा मिळाला आणि 2009 मध्ये युनेस्कोने तो आपल्या यादीत घेतला. पचमढी हे गाव या जंगलाच्या माथ्यावर, पठारावर वसलेले आहे. तिथल्या धबधब्यांकडे आणि धूपगडाकडे जाताना आपण वनखात्याच्या हद्दीत असतो, त्यामुळे वनखात्याच्या बायसन लॉजवरून परवाना आणि नोंदणीकृत जिप्सी (उघडी जीप) घ्यावी लागते. परंतु ती सफारी नव्हे. वन्यप्राणी पाहण्याची खरी सफारी पायथ्याच्या बाजूने, मढईच्या दाराने होते. मढई सोहागपूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर, देनवा नदीच्या काठी आहे.

मढईचे वेगळेपण हे की तवा धरणाचे पाणी मागे देनवेत भरल्यामुळे नदी तिथे तलावासारखी रुंद झाली आहे. ती बोटीने ओलांडायची आणि पलीकडच्या काठावर जिप्सीत बसायचे. सकाळच्या फेरीला पाण्यावर वाफ असते आणि थंडी हाडात शिरते. हिवाळ्यात इथे पट्टकादंब आणि चक्रवाक हे दूरवरून आलेले पक्षी असतात, काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात आणि नशीब असेल तर पाणमांजरांची टोळी दिसते. आपल्या सासऱ्यांना जिप्सीचे धक्के सोसणार नसतील, तर त्यांच्यासाठी एक संध्याकाळ केवळ बोटीतून जंगल पाहण्याची ठेवा. ही सोय फार थोड्या व्याघ्र प्रकल्पांत आहे. पायी सफारी आणि छोट्या होडीतून वल्हवत जाणे हेही इथे होते, परंतु मुलांच्या वयाची अट काय आहे ते नोंदणीच्या आधी विचारून घ्यावे.

एका जिप्सीत मार्गदर्शक व चालक सोडून सहा पर्यटक बसतात, म्हणजे आपले कुटुंब एका गाडीत बसते. वृद्धांना मधल्या ओळीत बसवा. मागच्या ओळीत धक्के सर्वाधिक लागतात. नोंदणी मध्य प्रदेश वनखात्याच्या संकेतस्थळावरून होते आणि त्यात प्रत्येकाच्या ओळखपत्राचा तपशील भरावा लागतो. तेच मूळ ओळखपत्र दाराशी दाखवावे लागते, मुलांचेही. बुधवारी दुपारची फेरी नसते. 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळात उद्यानाचा गाभा बंद असतो. आपल्याला त्याची अडचण नाही, परंतु हा मजकूर पुढे कोणी वाचेल त्याच्यासाठी लिहून ठेवतो.

क्रमाबद्दल माझे मत असे की आधी मढई करावी. प्रवासाच्या सुरुवातीला माणसे ताजीतवानी असतात आणि पहाटे उठण्याचा उत्साह असतो. पचमढी नंतर निवांतपणे करता येते.

महाल_वाचिका (उत्तर)

मी माझ्या आईला गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पचमढीला नेले होते, म्हणून सासऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी देते. वरच्या उत्तरात मढई आधी करावी असे म्हटले आहे, त्याच्याशी मात्र मी सहमत नाही. नागपूरहून एका दमात मढईपर्यंत जाणे वृद्धांना जड जाते आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे साडेपाचला त्यांना थंडीत बोटीवर उभे करणे योग्य नाही. आधी पचमढीला दोन मुक्काम करावेत, शरीर थंडीला सरावू द्यावे आणि मग घाट उतरून मढईला जावे.

पायऱ्यांचा हिशेब नीट समजून घ्या, कारण पचमढीत जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एक तर दरीत उतरायचे असते किंवा डोंगर चढायचा असतो. जटाशंकरला पायऱ्या उतरून खोल घळीत जावे लागते आणि तेवढ्याच पुन्हा चढाव्या लागतात; सासऱ्यांनी ते टाळावे. जमुना प्रपात, ज्याला सगळे बी फॉल म्हणतात, त्याच्या पायऱ्या आणखी खोल जातात. रजत प्रपात सुमारे 107 मीटर उंचीवरून एकाच झेपेत कोसळतो आणि तो पाहण्यासाठी अप्सरा विहाराच्या पुढे दगडांतून चालावे लागते. तिथे आपण दोघांनी मुलांना घेऊन जावे. पांडव लेण्यांना पायऱ्या आहेत, परंतु खालच्या बागेतूनही लेणी चांगली दिसतात आणि वृद्धांना तिथे उन्हात बसता येते.

आता त्यांना काय करता येईल ते सांगते. हांडी खोह आणि प्रियदर्शनी पॉइंट ही दोन्ही ठिकाणे रस्त्यापासून थोड्या चालण्यावर आहेत. हांडी खोहच्या कठड्याशी उभे राहिले की तीनशे फुटांची सरळ तुटलेली दरी पायाखाली दिसते. प्रियदर्शनी पॉइंट म्हणजे पूर्वीचा फोर्सिथ पॉइंट. पचमढीचे पठार ब्रिटिशांच्या नजरेस आणणाऱ्या कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांच्या नावाने तो ओळखला जाई. इथून चौरागडाचे शिखर समोर दिसते. ज्यांनी ते शिखर एकेकाळी पायांनी गाठले आहे, त्यांना इथे खुर्ची टाकून तासभर बसू द्या. घाई करू नका आणि मुलांना आजोबांकडून नागद्वारची हकीकत तिथेच ऐकू द्या. नागद्वारची वाट व्याघ्र प्रकल्पाच्या आतून, सात पहाड ओलांडून जाते आणि ती वर्षातून एकदाच, नागपंचमीच्या सुमारास काही दिवस उघडते. पावसात, चिखलात, धुक्यात विदर्भातून हजारो माणसे त्या वाटेने जातात. ती वाट चाललेला माणूस घरात असताना मुलांना दुसऱ्या मार्गदर्शकाची गरज नाही.

महादेवाचे दर्शन त्यांना नक्की घडेल. महादेवाची गुहा पचमढीपासून सुमारे दहा किलोमीटरवर आहे आणि गाडी जवळपर्यंत जाते. गुहा डोंगरात आत शिरते, छतातून पाणी झिरपत असते आणि आत शिवलिंग आहे. चढ फारसा नाही, परंतु फरशी कायम ओली असते आणि अनवाणी चालावे लागते. म्हणून एका बाजूने यजमान आणि दुसऱ्या बाजूने आपण, असे दोघांनी धरून न्यावे. थंडीत ओल्या फरशीने पाय बधिर होतात. बाहेर आल्याबरोबर पुसायला कोरडा टॉवेल आणि घालायला लोकरी मोजे हाताशी ठेवा. शेजारच्या गुप्त महादेवाची फट मात्र इतकी अरुंद आहे की तिरके होऊन आत शिरावे लागते आणि आत थोडीच माणसे मावतात. सासऱ्यांनी बाहेरूनच नमस्कार करावा हे बरे.

चौरागडावर सुमारे तेराशे पायऱ्या आहेत. त्या त्यांनी चढू नयेत, एवढेच नव्हे तर अर्ध्यापर्यंत जाऊन बघू असेही म्हणू नये, कारण गुडघे दगा देतात ते उतरताना. त्यांना त्रिशूळ वाहायचा असेल तर तो खालीच त्यांच्या हातात द्यावा, त्यांनी त्याला हळदीकुंकू लावून नमस्कार करावा आणि यजमानांनी थोरल्या मुलाला घेऊन वर नेऊन वाहावा. शिखरावर नवसाच्या त्रिशुळांची जी रास आहे, तिच्यात बापाचा त्रिशूळ मुलाने आणि नातवाने नेऊन ठेवणे यात काही कमीपणा नाही. पहाटे लवकर निघाले तर दुपारच्या जेवणापर्यंत ते परत येतात. एक सावधगिरीची सूचना: महाशिवरात्रीच्या आधीचे आणि नंतरचे काही दिवस या भागात फार मोठी यात्रा भरते, दर्शनाच्या ओढीने त्या दिवसांत वृद्धांना नेऊ नये.

धूपगडावर सूर्यास्त पाहायला जिप्सी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते, त्यामुळे सासू-सासरे दोघांनाही नेता येईल. तिथे वारा फार असतो. कानटोपी, मफलर आणि एक जास्तीची शाल असू द्या. जानेवारीत पचमढीत रात्रीचा पारा कधी कधी शून्याच्या जवळ जातो, हे नागपूरची थंडी सोसणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. खोली घेताना तळमजल्याची, कमोड असलेली आणि सकाळी गरम पाण्याची नक्की वेळ सांगणारी घ्या. दरीचे दृश्य दिसते की नाही हे दुय्यम आहे. गावात लहान दवाखाना आहे, परंतु मोठ्या उपचारांसाठी खाली उतरावे लागते, म्हणून सर्व औषधे दोन दिवसांची जास्तीची ठेवावीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत सोबत असावी.

सौंसरकर (उत्तर)

आमचे गाव वाटेवरच असल्याने थोडे वाटेतल्या गावांबद्दल लिहितो. लोक नागपूरहून निघतात ते थेट पचमढीत उतरतात आणि मधल्या मुलखाकडे पाहतही नाहीत, याचे वाईट वाटते.

सौंसर आणि पांढुर्णा हा भाग राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशात राहिला, पण घरोघरी मराठीच बोलली जाते. शेतात संत्री आणि कापूस, अंगणात तुळशीवृंदावन. सौंसरजवळच्या जामसावळीला हनुमंताची पहुडलेली मूर्ती आहे. नागपूरची पुष्कळ मंडळी केवळ तिच्या दर्शनाला येतात. देऊळ सपाटीवर आहे, सासऱ्यांना अडचण होणार नाही, आणि सकाळी सहाला निघालेल्यांना चहासाठी थांबायलाही ती जागा योग्य आहे.

छिंदवाड्याला बादल भोई आदिवासी संग्रहालय आहे. गोंड, भारिया, कोरकू, बैगा या समाजांची घरे, दागिने, शेतीची अवजारे आणि वाद्ये तिथे पाहता येतात. मुलांसाठी तासभर काढावा, कारण पुढे ज्या डोंगरांतून जायचे आहे तिथे राहणाऱ्या माणसांची ओळख तिथे होते. पचमढीच्या पर्यटनात या माणसांचे नावही क्वचितच घेतले जाते.

तामियाला मात्र थांबाच. कड्याच्या टोकावर सार्वजनिक बांधकाम खात्याचे जुने विश्रामगृह आहे आणि तिथून सातपुड्याच्या रांगा एकामागे एक दिसतात. चालावे लागत नाही, गर्दी नसते. तामियाहून जवळच पातालकोट आहे. चहूबाजूंनी उभ्या कड्यांनी वेढलेली ही खोल दरी असून तीत भारिया आणि गोंड समाजाची बारा गावे आहेत, आणि दुधी नदी तिच्यातून वाहते. वनौषधींच्या जाणकारीसाठी इथले भारिया प्रसिद्ध आहेत. वरच्या कठड्यावरून दरी पाहून परत फिरावे. आपल्याबरोबर वृद्ध असताना खाली उतरण्याचा विचार नको. आणि कुठेही थांबलात तरी माणसांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्यांची घरे म्हणजे संग्रहालयातल्या वस्तू नव्हेत.

सावनेर_रोड (उत्तर)

पातालकोटला जाण्या-येण्यात किमान दोन-अडीच तास मोडतात. पहिल्याच दिवशी जामसावळी, संग्रहालय, तामिया आणि पातालकोट असे सारे धरले, तर पचमढीचा घाट अंधारात येईल. त्यामुळे एक तर संग्रहालय किंवा पातालकोट, असे ठरवून घ्यावे. मी तामिया निवडून बाकीचे सोडले असते.

मानेवाडा_रहिवासी (प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांनी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली सुटी मागितली आहे. महाल_वाचिका ताई, त्रिशुळाची सूचना सासऱ्यांना वाचून दाखवली. त्यांनी लगेच होकार दिला आणि त्रिशूळ नागपूरहूनच घेऊन जाऊ असे म्हणाले.

आता आम्ही असे ठरवीत आहोत: पहिल्या दिवशी तामियामार्गे पचमढी, तिथे दोन मुक्काम, तिसऱ्या दिवशी मढई, तिथे दोन मुक्काम, आणि पाचव्या दिवशी परत. मढईहून परतताना पुन्हा पचमढीचाच घाट चढावा लागेल का? सासूबाईंच्या दृष्टीने ते टाळता आले तर बरे होईल. शिवाय पचमढीच्या एका पूर्ण दिवसात किती ठिकाणे धरावीत, हेही कळत नाही.

अरण्यवाचक (उत्तर)

आपला क्रम योग्य आहे. वृद्धांच्या दृष्टीने महाल_वाचिका यांचे म्हणणे मला पटले. परत येताना पचमढीला जाण्याची गरज नाही. सोहागपूरहून इटारसी, तिथून बैतूल, मुलताई, पांढुर्णा आणि सावनेर असे नागपूरला येता येते. अंतर थोडे अधिक पडते, परंतु बैतूलपासून नागपूरपर्यंतचा रस्ता चौपदरी आहे आणि वळणे कमी आहेत. इटारसी ते बैतूल या टप्प्यात जंगलातून जावे लागते, म्हणून मढईहून सकाळची न्याहारी करून निघावे. मुलताईला तापी नदीचा उगम मानले जाणारे कुंड गावातच आहे. सासऱ्यांना तिथे हात-पाय धुऊन दर्शन घेता येईल.

पचमढीहून मढईला जाताना मटकुलीवरून पिपरिया आणि पुढे सोहागपूर असा रस्ता आहे, दोन-अडीच तासांचा. दुपारच्या सफारीची वेळ गाठायची म्हणून घाई करू नका. त्या दिवशी संध्याकाळी केवळ बोट ठेवा आणि जिप्सीची फेरी दुसऱ्या दिवशी पहाटेची घ्या. मढईतला तो दिवस बुधवार येत असेल तर पहाटेची फेरीच हाती असते, हे ध्यानात ठेवून नोंदणी करावी. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत, अत्तर लावू नये आणि मुलांना खाऊचे पुडे जंगलात फोडू देऊ नयेत.

महाल_वाचिका (उत्तर)

एका दिवसाचा बेत असा ठेवा की सकाळचा वेळ महादेवासाठी आणि संध्याकाळ धूपगडासाठी, मधल्या वेळेत जेवण आणि विश्रांती. यजमान व थोरला मुलगा पहाटेच चौरागडासाठी निघतील. आपण सासू-सासऱ्यांना व धाकट्याला घेऊन ऊन आल्यावर, नऊच्या सुमारास महादेवाला यावे. चौरागडाची वाट तिथूनच सुरू होत असल्याने उतरून आलेली मंडळी तिथेच भेटतात. यासाठी दोन वाहने लागतील, म्हणून एक स्थानिक जीप आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा. महादेवाच्या रस्त्याचे उतार तीव्र आहेत. तिथे स्थानिक चालक असलेला बरा. हांडी खोह आणि प्रियदर्शनी पॉइंट हे त्याच रस्त्यावर आहेत, ते परतताना करावेत. धबधबे त्या दिवशी धरू नका. तिसऱ्या दिवशी मढईला निघण्यापूर्वी वेळ उरला आणि मुलांच्या पायांत जोर असला, तर आपण दोघांनी त्यांना जमुना प्रपातावर न्यावे आणि मोठ्यांनी पांडव लेण्यांच्या बागेत बसावे.

पचमढी एकेकाळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची उन्हाळी राजधानी होती. नागपूरचे सरकारी कामकाज उन्हाळ्यात इथे हलत असे, आणि त्या काळातली राजभवनाची इमारत, चर्च आणि जुने बंगले अजून उभे आहेत. सासूबाईंना घाटातल्या फेऱ्या नको वाटल्या तर त्यांच्यासाठी गावातल्या गावात गाडीने फिरून हे पाहणे पुरेसे रमणीय आहे. रस्ते सपाट आहेत, दोन्ही बाजूंना जुनी झाडे आहेत.

माकडांबद्दल सांगायचे राहिले. महादेव, हांडी खोह आणि जटाशंकर येथे ती हातातली पिशवी ओढून नेतात. प्रसाद आणि केळी गाडीतच ठेवा, सासऱ्यांच्या हातात काठीशिवाय काहीही देऊ नका, आणि मुलांना माकडांना खायला घालू देऊ नका. त्रिशूळ न्याल तो लहान आणि हलका घ्या. तेराशे पायऱ्या तो खांद्यावर वागवायचा आहे, आणि बारा वर्षांच्या नातवाला थोडा वेळ तरी तो स्वतः धरावासा वाटेल.

सौंसरकर (उत्तर)

सकाळी जामसावळीला चहासाठी थांबणार असाल तर मंगळवार आणि शनिवार सोडून निघावे. त्या दोन्ही दिवशी देवळात दर्शनाची रांग मोठी असते आणि वाहने रस्त्यापर्यंत येतात. सोमवारी निघालात तर पहिला मुक्काम गाठेपर्यंत कुठेही खोळंबा होणार नाही, आणि पहाटेच्या सफारीचा दिवस गुरुवार येईल.